अहवालात न छापलेले पान

दरवर्षी गणपतीच्या मागेपुढे पोस्टमन आमच्या घरी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल टाकून जातो. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग अध्यक्षांचा, मग संचालक मंडळाचा. आणि त्यामागून आकड्यांची लांबच लांब रांग. गाळप किती झाले, उतारा किती पडला, साखरेची पोती किती, डिस्टिलरीतून स्पिरिट किती, वीज किती युनिट विकली, कर्ज किती फेडले. मी तीस वर्षे कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांना ताळेबंद वाचायला शिकवले. त्यामुळे आमच्या घरात हा अहवाल वाचणारा माणूस मी एकटाच. बाकीचे फक्त शेवटचे पान बघतात, कारण सभासदांना सवलतीची साखर कधी मिळणार ते तिथे लिहिलेले असते!

ताळेबंदाचा पहिला धडा असा, की प्रत्येक नोंदीला जोडीदार असतो. एकाच्या खात्यावर काही जमा पडले, की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे ते पडलेच पाहिजे. पैसा हवेतून येत नाही आणि हवेत जात नाही, असे मी मुलांना सांगायचो. हे सांगत असताना माझ्या स्वतःच्या ध्यानात यायला मात्र बरीच वर्षे लागली, की आमच्या घरी येणाऱ्या या अहवालातल्या एका नोंदीचा जोडीदार कुठेच सापडत नाही. नदीतून पाणी किती उचलले, परत किती सोडले, आणि सोडले ते कसल्या अवस्थेत, याचे पान त्यात नसते. झाडे लावल्याचा फोटो असतो. नदीचे पान नसते.

कारखान्याचे नाव मी सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात लहानमोठे वीसेक साखर कारखाने आहेत. बहुतेक सहकारी, तर काही आता मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे. मला बोलायचे आहे ते एका कारखान्याविषयी नाही. नफा कुणाच्या वहीत लिहिला जातो आणि तोटा कुणाच्या, याविषयी बोलायचे आहे. आणि त्यात माझी स्वतःचीही वही आहे.

आजोबांचे गुऱ्हाळ

आमचे गाव पंचगंगेच्या काठावरचे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती ही पाचवी, अशा पाच जणी एकत्र येतात त्या प्रयाग चिखलीला. तिथून कोल्हापूरला वळसा घालून, इचलकरंजीच्या अंगाने ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. सारा प्रवास जेमतेम ऐंशी किलोमीटरचा. पण एवढ्याशा वाटेत तिने जिल्ह्याचा ऊस पोसला, शहरे पोसली, माग पोसले. राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, आणि पुढे नदीवर जागोजागी 'कोल्हापूर पद्धतीचे' बंधारे झाले. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचे. महाराष्ट्रभर या बंधाऱ्याचे अनुकरण झाले. मात्र बंधारा पाणी अडवतो तशी पाण्यातली घाणही अडवतो, हे आम्हाला पुढे कळले.

आजोबांचे गुऱ्हाळ होते. उसाचा रस निघाला की उरलेले चिपाड अंगणात वाळत पडायचे आणि तेच दोन दिवसांनी चुलवाणात जायचे. काहिलीवर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढायचा, ती शेतात जायची. रस निवळायला रानभेंडीचा चिकट रस. चुलवाणातली राख पुन्हा उसाच्या सरीत. आजोबांना पर्यावरण हा शब्द ठाऊक नव्हता. वाया गेलेली वस्तू म्हणजे वाया गेलेला पैसा, इतकेच त्यांना ठाऊक होते. गुऱ्हाळ दिवसाला चार-दोन काहिली गूळ काढणारे, त्यामुळे सगळे जिथल्या तिथे जिरायचे. कारखाना दिवसाला हजारो टन ऊस गाळतो. तिथे जिरण्यासारखे काही राहत नाही. ते मुद्दाम जिरवावे लागते आणि जिरवायला पैसे लागतात.

एक टन उसाचे गणित

एक टन ऊस गव्हाणीत पडला, की त्याचे काय होते? आमच्या जिल्ह्याचा उतारा चांगला. बारा टक्के धरला तर साखर निघते १२० किलो. बगॅस, म्हणजे चोथा, २८० ते ३०० किलो. प्रेसमड ३०-४० किलो. मळी ४०-४५ किलो. बाकी राहिले ते बहुतेक सगळे पाणी. उसात सत्तर टक्के पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड करून नीट वापरली तर कारखान्याला नदीकडे फारसे बघायचे कारण उरत नाही. ऊस आपले पाणी आपणच बरोबर घेऊन येतो!

खरी अडचण मळीपुढे सुरू होते. एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल मिळते. पण दर लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळेकुट्ट, उग्र वासाचे सांडपाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो. एका लिटर स्पेंटवॉशची ही भूक ४०-५० हजार मिलिग्रॅम असते. नदीत सोडायच्या पाण्याला कायद्याने घातलेली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. उन्हाळ्यात एका लिटर नदीच्या पाण्यात प्राणवायू असतो सात-आठ मिलिग्रॅम. आता वाचकांनीच भागाकार करावा. प्रक्रिया न केलेले एक लिटर स्पेंटवॉश सुमारे सहा हजार लिटर नदीचा श्वास कोंडू शकते.

मग हे सगळे गेली पन्नास वर्षे नदीतच जात होते काय? नाही, आणि त्याची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मळीचा भाव पूर्वी सरकार ठरवत असे, आणि तो इतका कमी असे, की मळी साठवायला पोलादी टाकी बांधणे कुणाला परवडत नसे. जमिनीत कच्चे खड्डे खणून ती साठवली जायची. पावसाळ्यात खड्डे फुटायचे, ओढ्याला मळी यायची. १९९३ साली मळीवरचे नियंत्रण उठले. भाव आला, आणि खड्ड्यातली मळी टाकीत गेली. कुणी उपदेश केला नव्हता. पुढे बगॅसवर वीज तयार करून ती विकता येऊ लागली, तेव्हा उघड्यावर पडणारा चोथा जपून ठेवला जाऊ लागला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने इथेनॉलला बळ दिले. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येते आणि उरलेल्या राखेत पोटॅश असते. आपण परदेशातून पोटॅश विकत आणत असताना! या पोटॅशला २०२४ च्या जानेवारीत केंद्राने टनाला ४,२६३ रुपये दर ठरवून दिला. आजोबांची राख पुन्हा सरीत गेली, एवढाच याचा अर्थ.

शिरोळ तालुक्यात याच जातीचे दुसरे उदाहरण आहे. वर्षानुवर्षे पाणी आणि खते यांचा मारा झाल्याने तिथल्या हजारो एकर जमिनी क्षारपड होऊन पांढऱ्या पडल्या. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखालून निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकायचे काम हाती घेतले. मेलेली राने पुन्हा पिकू लागली. शेतकऱ्याला पीक मिळाले, कारखान्याला ऊस मिळाला. नफा आणि निसर्ग इथे एकाच औताला जुंपले गेले.

असे होते तेव्हा फार बरे वाटते. पण केवळ भावावर विसंबून चालत नाही, कारण भाव हा बेभरवशाचा राखणदार आहे. पाऊस कमी झाला म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी निर्बंध घातले, आणि त्या भरवशावर कर्ज काढलेल्या कारखान्यांचे धाबे दणाणले. दुसरे असे, की काही घाणीला कधीच भाव येत नाही. यंत्रे धुतलेले तेलकट पाणी कोण विकत घेणार? कापड रंगवून उरलेले खारट, रंगीत पाणी कोण विकत घेणार? ते शुद्ध करणे हा निव्वळ खर्च आहे. आणि खर्च म्हटला, की तो दुसऱ्याच्या वहीत लोटायचा मोह कुणालाही होतो.

'दराचं बोला!'

मलाही झाला होता. ती गोष्ट सांगतो.

१९९८ सालचा उन्हाळा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एके सकाळी पाणी काळपट दिसले आणि दुपारपर्यंत मासे वर आले. मरळ, वाम, बोटाएवढी पिले, सगळी पोटे वर करून. बैल पाण्यापर्यंत गेले आणि तोंड न लावता मागे फिरले. दोष कुणाचा यावर गावात चार दिवस खल चालला. कुणी म्हणाले कारखाना. कुणी म्हणाले कोल्हापूरचा जयंती नाला. एकजण तर ठासून म्हणाला, इचलकरंजीचे रंगाचे पाणी. आमचे गाव इचलकरंजीच्या वरच्या अंगाला आहे, नदी उलटी वाहू लागल्याशिवाय ते शक्य नाही, हे त्याला कुणी सांगितले नाही! तपासणीला माणूस आला, बाटल्या भरून घेऊन गेला. पुढे काय झाले ते कळले नाही.

सप्टेंबरात कारखान्याची सभा होती. ज्यांनी अशी सभा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: भला मोठा मांडव, सकाळपासून कर्णे वाजत असतात, व्यासपीठाजवळ सत्ताधारी गटाचे लोक आधीच बसलेले, विरोधक मागे. विषय वाचला की एका बाजूने 'मंजूर! मंजूर!' आणि दुसऱ्या बाजूने 'नामंजूर!' असा गजर होतो, आणि त्या गजरात पुढचा विषय सुरू होतो. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या शेजारी मी बसलो होतो. ऐनवेळच्या विषयात धीर करून उठलो, माईक घेतला आणि विचारले, 'आपला कारखाना नदीत जे पाणी सोडतो, त्यावर प्रक्रिया काय होते आणि त्याला वर्षाचा खर्च किती येतो?'

अध्यक्ष काही बोलण्याआधीच मागून आवाज आला, 'मास्तर, दराचं बोला!' मांडवभर हशा पिकला. मग चहूकडून तेच सुरू झाले. 'दराचं बोला! दुसऱ्या हप्त्याचं बोला!' गंमत अशी, की त्या एका घोषणेत सत्ताधारी आणि विरोधक दोघांचेही आवाज होते. आबांनी माझा सदरा खाली ओढला. म्हणाले, 'खाली बस. घरात पोरीचं लगीन हाय.'

मी खाली बसलो.

आबांना आणि त्या मांडवातल्या कुणालाही मी आज लोभी म्हणणार नाही. उसाला अठरा महिने लागतात. त्यात सेवा सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, तोडणीवाल्यांची खुशी. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे असा १९६६ चा आदेश आहे, पण किती गावांत किती वेळा तो पाळला गेला, हे गावकऱ्यांनाच विचारावे. दोन एकरांत ८० टन ऊस काढणाऱ्याला टनामागे शंभर रुपये जास्त मिळाले तर आठ हजार होतात, आणि आठ हजारांत सावकाराचे तोंड बंद होते. त्या शंभर रुपयांसाठी जयसिंगपूरला ऊस परिषदा भरल्या, रस्ते अडवले गेले, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. 'दराचं बोला' ही हाक पोटातून आलेली होती.

पण हिशेबाच्या मास्तराला पुढचे कळायला हवे होते. सहकारी कारखाना नफा घेऊन कुठे जात नाही. जे उरते ते दर म्हणून सभासदाला मिळते. म्हणजे पाणी शुद्ध करायचा खर्च कुठे वाचला असेल, तर तो कुणा दूरच्या भांडवलदाराच्या खिशात गेलेला नसतो. त्यातले थोडे आबांच्या बिलात आलेले असते. बहिणीच्या लग्नाच्या मांडवात आलेले असते. आणि त्या दिवाळीला सवलतीची साखर आणायला पिशवी घेऊन मीच गेलो होतो.

जवळची नदी सोडून

वाचलेला तो खर्च कुणाच्या नावे पडला, याचे उत्तर मला चौदा वर्षांनी मिळाले. माझी मावशी इचलकरंजीची. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे ते गाव 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' झाले. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, कितीतरी घरांतली माणसे गेली. मावशीची नातसून तेव्हा सातव्या महिन्यात होती, आणि ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. तिच्या उशाशी बसून मावशी रात्र रात्र माळ ओढत होती. नातसून वाचली. शेजारच्या गल्लीतली एक वाचली नाही.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. काविळीचा विषाणू मळीतून येत नाही आणि कापडाच्या रंगातूनही येत नाही. तो मैल्यातून येतो. पंचगंगेच्या दैन्याला कारखाने जितके जबाबदार तितकेच आपण शहरवासी. कोल्हापूरचे जयंती, दुधाळी हे नाले कित्येक वर्षे सरळ नदीला मिळत होते. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र झाले तेही अगदी अलीकडे. कारखान्याकडे बोट दाखवताना आपल्या न्हाणीघराचे पाणी कुठे जाते, हे आपण विचारत नाही. शहरालाही घरपट्टी वाढलेली नको असते. ते आमचे शहरी 'दराचं बोला'!

साथीनंतर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, नागपूरच्या 'नीरी' संस्थेने नदीचा अभ्यास करून उपाय सुचवले. काही झाले, काही व्हायचे आहेत. पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त हलवून गेली ती इचलकरंजीच्या पाण्याची शोधयात्रा. पंचगंगा दाराशी असताना या शहराने आधी मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना, म्हणून दानोळीतून वारणेचे पाणी आणायचे ठरले. वारणाकाठच्या गावांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. मग सुळकूडहून दूधगंगेचे ठरले. तिथे कागलकडची गावे उभी राहिली. 'तुमची नदी तुम्ही घाण केली, आता आमची मागता?' हा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर देणे अवघड आहे. पण मावशीच्या नातसुनेने कुणाची नदी घाण केली होती? कोल्हापूरनेही तेच केले. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. पन्नासहून अधिक किलोमीटरची नळयोजना, चारशे कोटींहून अधिक खर्च. लोकांनी आनंदाने अभ्यंगस्नान केले आणि तो आनंद खरा होता. पण जमाखर्च मांडला, तर त्या चारशे कोटींतला काही वाटा हे पंचगंगेचे थकलेले बिल आहे. ते कारखान्यांनी भरले नाही, मागवाल्यांनी भरले नाही. ते सगळ्यांनी मिळून भरले, आणि ज्यांना पाइपलाइन मिळाली नाही ती नदीकाठची गावे अजून वीस लिटरच्या जारमागे भरत आहेत.

नोय्यलचा धडा

मग ज्या घाणीला भाव नाही, तिचे करायचे काय? तमिळनाडूत तिरुपूर हे होजिअरीचे मोठे शहर आहे. आपल्या अंगावरचे कितीतरी बनियन तिथले. तिथल्या रंगाऱ्यांच्या पाण्याने नोय्यल नदी इतकी खारट झाली, की तिच्यावरच्या ओरत्तुपालयम धरणाचे पाणी शेतकऱ्यांना नकोसे झाले. खालच्या अंगाचे शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नदीत थेंबही न सोडण्याची अट पुरी होईपर्यंत सुमारे ७०० रंगशाळा बंद ठेवायला सांगितले. हाहाकार उडाला, मजूर गावी परतले, उद्योग संपला असे सगळे म्हणाले. पण सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, रंगशाळांनी एकत्र येऊन यंत्रणा उभ्या केल्या, आणि सांडपाण्यातले पाणी गाळून पुन्हा वापरायला सुरुवात झाली. रंगकामाला लागणारे मीठसुद्धा परत मिळवले जाऊ लागले. काही छोटे कारखाने कायमचे बुडाले, हे लपवायचे कारण नाही. पण तिरुपूरची निर्यात थांबली नाही.

यातून मी काढलेला अर्थ असा. एकट्या कारखानदाराने पाणी शुद्ध केले तर त्याचे कापड मीटरमागे महाग होते आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. म्हणून सज्जन माणूसही टाळाटाळ करतो. सगळ्यांवर एकाच दिवशी सारखी अट आली, की सज्जनाला सज्जन राहणे परवडते. कायद्याचे काम एवढेच. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, देशाचा कायदा १९७४ चा. कायदा आपल्याकडे उशिरा आलेला नाही.

शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांवर अलीकडे दोन बंधने आली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. ते चांगलेच. पण त्या दोन टक्क्यांतून शाळेला बाके मिळाली, म्हणून उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले हा प्रश्न मिटत नाही. दुसरे बंधन मला अधिक मोलाचे वाटते. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांनी पाणी किती घेतले, किती सोडले, कचऱ्याचे काय केले, हे दरवर्षी छापावे असा 'सेबी'चा नियम आहे. म्हणजे नदीचे पान! छापलेले सगळे खरे असेल असे नाही. पण खोटे छापायलाही आकडा लिहावा लागतो, आणि लिहिलेला आकडा पुढल्या वर्षी तपासता येतो. सहकारी कारखान्याला हा नियम लागू नाही. तिथे मालक आपणच आहोत, म्हणून तो आपणच करायला हवा.

कोल्हापूरकरांना हे जड जाऊ नये. ज्या शहराने घरचे गणपती नदीत न सोडता कुंडात सोडायची सवय लावून घेतली, इराणी खणीचा रस्ता धरला, कार्तिकी पौर्णिमेला जे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लावते, त्याला नदी आपली वाटत नाही असे कोण म्हणेल? आपले प्रेम घाटापर्यंत येते आणि हिशेबाच्या वहीपाशी थांबते, एवढाच दोष.

आबा जाऊन सहा वर्षे झाली. शेअर आता माझ्या नावावर आहे. यंदाच्या अहवालासोबत सभेची नोटीस आली. तळाला नेहमीची सूचना आहे, की सभासदांनी आपले प्रश्न सभेच्या आधी लेखी पाठवावेत. मी एक पाठवला आहे. 'मागील वर्षात कारखान्याने नदीतून किती पाणी घेतले, किती सोडले, सोडलेल्या पाण्याची तपासणी कुणी केली, तीत काय आढळले, आणि शुद्धीकरणावर टनामागे किती रुपये खर्च झाला, हे पुढील वर्षीपासून अहवालात एका पानावर छापावे.' शेजारच्या तिघा सभासदांनी खाली सह्या केल्या. चौथा म्हणाला, 'मास्तर, सही करतो, पण सभेत माझं नाव घेऊ नका.' मला तो परका वाटला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी खाली बसलेला माणूस मीच होतो.

उत्तर काय येते ते सभेत कळेल. मागून कुणीतरी 'दराचं बोला' म्हणणार, हेही ठाऊक आहे. या वेळी त्याला एवढेच सांगायचे ठरवले आहे, की बाबा रे, मी दराचेच बोलतो आहे.